बीएमएसला जायचंय? मग बारावीच्या निकालाची वाट पाहू नका

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आम्ही चार-पाच जण वस्तीतल्या विहारात एक टेबल मांडून बसतो. कुणाचा उत्पन्नाचा दाखला राहिलेला असतो, कुणाच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसतो, कुणाला अजून ठरवायचंच असतं. ठरवायचं राहिलेल्यांचा गेल्या काही वर्षांतला नेहमीचा प्रश्न म्हणजे, "दादा, बीएमएस घेऊ की साधं बीकॉम?" पाठोपाठ आई विचारते, "त्यानं ऑफिसात नोकरी लागते ना?"

या लेखाची सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. २०२४ च्या मार्च महिन्यात बारावीचे पेपर सुरू असताना एका मुलाने आम्हाला विचारलं होतं की बीएमएसला परीक्षा असते का. आम्ही छातीठोकपणे सांगितलं, "नसते. बारावीच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागते, निकालानंतर ये." तोवर तसंच होतं आणि आमच्यातल्या दोघांनी स्वतः तसाच प्रवेश घेतला होता. निकाल २१ मे रोजी लागला. मुलगा ७१ टक्के घेऊन पेढे घेऊन आला, तेव्हा आम्हाला कळलं की यंदापासून सीईटी आहे, तिची नोंदणी कधीच बंद झाली आहे आणि परीक्षा आठवड्याभरावर आहे. पुढे काय झालं ते खाली येईलच. असा सल्ला देणारे तेव्हा आम्ही एकटेच नव्हतो. गावोगावच्या कॉलेजांतल्या शिक्षकांनाही हे उशिरा कळलं. म्हणून या अभ्यासक्रमाबद्दल जे आम्हाला पक्कं ठाऊक आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो आहोत.

आधी नावांचा घोळ. मुंबई विद्यापीठात व्यवस्थापनाच्या पदवीला बीएमएस म्हणतात, म्हणजे बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात ती बीबीए आहे. काही ठिकाणी बीबीएम म्हणतात. पदव्या वेगळ्या दिसल्या तरी गाभा एकच आहे : धंदा, कंपनी किंवा संस्था कशी चालते, पैसा कुठून येतो, माणसं कशी सांभाळायची, माल कसा विकायचा. मुंबई विद्यापीठात बीएमएस १९९९-२००० च्या सुमाराला सुरू झालं. त्याआधी व्यवस्थापन हे पदवीनंतर शिकायचं असा रिवाज होता. कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ च्या, आपलं जमनालाल बजाज १९६५ चं. तिथे जाणारा आधी पदवीधर झालेला असायचा. बारावीनंतर लगेच हा विषय शिकवायची कल्पना नवी होती. ती खूप चालली, कारण सरकारी अनुदान न घेता मुलांच्या फीवर चालणारे अभ्यासक्रम काढायला त्याच काळात कॉलेजांना मोकळीक मिळाली. बीएमएस, बँकिंग अँड इन्शुरन्स, अकाउंटिंग अँड फायनान्स हे सगळे याच कुळातले. 'स्वयंअर्थसहाय्यित' हा भारदस्त शब्द माहितीपत्रकात दिसला की त्याचा अर्थ एवढाच समजायचा की खर्च तुमच्या खिशातून.

बीकॉम आणि बीएमएस यांतला पहिला खरा फरक इथेच आहे. अनुदानित तुकडीतल्या बीकॉमची वर्षाची फी काही हजारांत भागते. त्याच इमारतीत, कधी त्याच वर्गखोलीत दुपारी भरणाऱ्या बीएमएसची फी वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होते आणि नामांकित ठिकाणी लाखापर्यंत जाते. ज्या घरात आई चार घरची धुणीभांडी करते आणि बाप नाक्यावर उभा राहतो, तिथे हा फरक म्हणजे मुलगी शिकणार की नाही याचा फरक असतो. मागासवर्गीय मुलांसाठी यावर उत्तर आहे, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप. पण २०२४ पासून ते उत्तर प्रवेश कोणत्या दाराने घेतला यावर अवलंबून राहू लागलं आहे. ते दार नेमकं कोणतं हे समजण्यासाठी त्या वर्षी काय बदललं ते पाहावं लागेल.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, १९८७ च्या कायद्याने चालते. त्या कायद्यात तंत्रशिक्षणाची जी व्याख्या आहे तिच्यात अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राबरोबर व्यवस्थापन हा शब्द पहिल्यापासून आहे. तरीही परिषद अनेक वर्षं फक्त एमबीएसारख्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांकडे बघत होती. २०२४-२५ पासून तिने बीबीए, बीएमएस आणि बीसीएसुद्धा आपल्या मान्यतेखाली घेतले. परिषदेची मान्यता आली की अभ्यासक्रम 'व्यावसायिक' ठरतो, आणि महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. त्यामुळे त्या वर्षी पहिल्यांदाच बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम यांची सामाईक प्रवेश परीक्षा झाली. तारीख होती २९ मे २०२४.

तिचा परिणाम कुणाला अपेक्षित होता कोण जाणे, पण राज्यात या अभ्यासक्रमांच्या एक लाखाहून अधिक जागा असताना परीक्षेला पन्नास हजारांच्या आत मुलं बसली. सगळी पास धरली तरी निम्म्या जागा रिकाम्या. कॉलेजं घाबरली, ओरड झाली आणि सीईटी कक्षाला ऑगस्टमध्ये पुन्हा एक जादा परीक्षा घ्यावी लागली. आमच्या त्या ७१ टक्केवाल्या मुलाला त्या जादा परीक्षेने वाचवलं. तोपर्यंत त्याने बीकॉमला नाव घातलं होतं, दोन महिने कॉलेजही केलं होतं. आमच्या सल्ल्यावर तो रागावला नाही. त्याची मोठी बहीण मात्र रागावली आणि ते बरोबरच होतं.

काही कॉलेजांनी वेगळी वाट काढली. परिषदेच्या मान्यतेच्या भानगडीत न पडता अभ्यासक्रमाचं नावच बदललं. बीएमएस बंद आणि बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) सुरू. विषय बरेचसे तेच, शिकवणारे तेच, फी साधारण तीच. पण नावात बीकॉम आल्याने त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर थेट कॉलेजात प्रवेश होतो. म्हणजे आज मुंबईत व्यवस्थापनाची पदवी घ्यायची तर दोन दारं आहेत, एकावर सीईटीची पाटी आहे आणि दुसऱ्यावर नाही. पालकांना दोन्ही सारखीच दिसतात, कारण कॉलेजच्या बाहेरच्या फलकावर अजूनही मोठ्या अक्षरात 'मॅनेजमेंट' एवढंच लिहिलेलं असतं.

सीईटी कशी असते? १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं, संगणकावर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. ४० प्रश्न इंग्रजी भाषेचे, ३० तर्क आणि अंकगणिताचे, १५ सामान्य ज्ञानाचे, १५ संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. ही विभागणी पुन्हा वाचा. अकाउंट्सचा एकही प्रश्न नाही आणि इंग्रजीचे शंभरातले चाळीस. पूर्वी मुंबई विद्यापीठात बीएमएसच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या याद्या वेगळ्या लागायच्या. मराठी माध्यमातून कला शाखा घेतलेल्या मुलीची स्पर्धा कला शाखेच्या मुलींशी असायची. आता सगळे एका रांगेत आहेत आणि रांगेत पुढे कोण उभं राहील हे बऱ्याच अंशी इंग्रजी ठरवते. परीक्षेला आमचा विरोध नाही, विरोध करून उपयोगही नाही. पण बारावीत राज्यशास्त्रात ८५ गुण मिळवणारी मुलगी इथे मागे पडली, तर तिने ते आपल्या बुद्धीचं मोजमाप समजू नये. तिला जे शिकवलंच नव्हतं ते इथे मोजलं गेलं आहे. तयारीला तीन-चार महिने पुरतात, हे आम्ही आमच्या मुलांबरोबर बसून पाहिलं आहे. तर्काचे प्रश्न सरावाने येतात. संगणकाचे पंधरा तर एमएससीआयटी केलेल्या मुलाला सोपे जातात. इंग्रजीसाठी रोज अर्धा तास उतारा मोठ्याने वाचणं आणि त्यावरची उत्तरं लिहिणं, याहून स्वस्त क्लास आम्हाला माहीत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण खरा दगाफटका तिथे होतो.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर करायचा असतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर शिष्यवृत्ती नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होतं, त्याला फ्रीशिप म्हणतात. हे दुसरं वाक्य आमच्या वस्तीत निम्म्या घरांना माहीत नसतं. महापालिकेत कायम सफाई कामगार असलेला बाप म्हणतो, "माझा पगार जास्त आहे, आपल्याला काही मिळणार नाही," आणि पतपेढीचं कर्ज काढून पूर्ण फी भरतो. दादा, काढू नका ते कर्ज. आधी फ्रीशिपचा अर्ज भरा.

पण अट अशी, की व्यावसायिक अभ्यासक्रमाला हे लाभ साधारणपणे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, प्रवेश घेतला असेल तरच मिळतात. संस्थास्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की फी पूर्ण भरावी लागते. आणि कॉलेजच्या खिडकीवर हे कुणी आपणहून सांगत नाही. गेल्या वर्षी एक बाई मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. कॅपच्या दुसऱ्या फेरीत मुलीला दूरचं कॉलेज लागलं होतं. जवळच्या कॉलेजातल्या कारकुनाने सांगितलं, "इथे सीट रिकामी आहे, आजच्या आज पैसे भरा, स्कॉलरशिपचं नंतर बघू." त्यांनी कानातलं मोडून पहिला हप्ता भरला. नंतर महाडीबीटीवर अर्ज भरताना प्रवेशाचा प्रकार विचारला गेला आणि सगळं तिथेच थांबलं. मुलगी शिकते आहे, पण तीन वर्षांची फी आता त्या बाईच्या अंगावर आहे. दूरच्या कॉलेजला लोकलचा पास काढून गेली असती तर शिक्षण शुल्काचा रुपया द्यावा लागला नसता.

बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) घेणाऱ्यांना कॅप नाही, त्यामुळे ही अट तिथे येत नाही. पण तिथे दुसरा प्रश्न विचारायचा : "महाडीबीटीच्या यादीत तुमच्या कॉलेजच्या नावाखाली हा कोर्स आहे का?" नवीन नावाचा कोर्स यादीत चढलेला नसेल तर अर्जच भरता येत नाही. प्रवेशाआधी हे कार्यालयात विचारा, आणि उत्तर तोंडी मिळालं तर मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून खात्री करा. खाजगी विद्यापीठातल्या चकचकीत बीबीएबद्दल तर आमचं सांगणं एकच आहे, समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

शिष्यवृत्तीचं आणखी एक नीट समजून घ्या. २०२१ पासून केंद्राने आपला ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात टाकायला सुरुवात केली, उरलेला ४० टक्के राज्याचा. खात्यात आलेल्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते. एखाद्या दिवशी अचानक खात्यात पंधरा-वीस हजार दिसले की घरात आनंद होतो, पत्रे बदलले जातात, आजीचं ऑपरेशन होतं. मग कॉलेज परीक्षेचा फॉर्म अडवतं. यात कुणाचीच लबाडी नसते, पैसा गरजेच्या घरात आलेला असतो इतकंच. पण तो पैसा कॉलेजचा आहे हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

गावाहून शिकायला आलेल्या मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खोली, जेवण आणि इतर खर्चासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. तिथेही उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखच आहे. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा अशी अट आहे, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या मुलांना ती लागू नाही. पण ज्यांचे भाचे-पुतणे जालना, हिंगोली, वाशीमहून इथे येऊन नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत अंग चोरून राहतात, त्यांनी ती जरूर पाहावी.

आता कागदपत्रांचा भाग. इथे थोडं जास्त थांबणार आहोत, कारण आमच्या टेबलावर सर्वांत जास्त डोळे इथेच ओले होतात.

अभ्यासक्रम व्यावसायिक झाला म्हणजे राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलांना हे नेहमीच माहीत असायचं. वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना त्याची सवय नव्हती. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच आपल्या कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे करायचा असतो. बारावी झाल्यावर धावाधाव केली तर बहुधा उशीर झालेला असतो.

समिती काय मागते? अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि रहिवासाचा पुरावा. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीने आपला पणजोबा कोण होता, कुठे राहत होता आणि कागदावर त्याची जात काय लिहिली होती हे दाखवायचं. सावकाराच्या घरी हा पुरावा शाळेच्या रजिस्टरात सापडतो. आमचे पणजोबा शाळेत गेलेच नव्हते, जाऊ दिलं नव्हतं. ज्या गोष्टीपासून ज्यांना दूर ठेवलं, त्यांच्याकडे तिचाच कागद मागितला जातो.

तरी वाटा आहेत. पहिली म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र. वडील, सख्खे काका, आत्या, चुलत भाऊ, यांपैकी वडिलांकडच्या कुणाकडेही ते असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. त्यामुळे भावकीत अबोला असला तरी या एका कागदापुरता फोन करा. दुसरी वाट म्हणजे गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायचा आणि तिथे नावापुढे जात लिहिलेली असायची. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते, पण गावाचं नाव आणि साधारण वर्ष सांगावं लागतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, मराठवाड्यातल्या काही उर्दूत. त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. तिसरी वाट महार वतनाच्या जमिनीच्या कागदांची. वतनं गेली, जमिनी कुणाकुणाच्या घशात गेल्या, पण नोंदी अजून दप्तरात आहेत. ज्या कागदाने पणजोबांना गावकीच्या कामाला बांधून ठेवलं होतं, त्याच कागदावर पणती कॉलेजला गेली, असं आमच्यासमोर दोनदा घडलं आहे.

यात आपल्या समाजाची एक खास अडचण आहे. १९५६ नंतर अनेक घरांनी शाळेत मुलांच्या नावापुढे अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिलं. दाखल्यावर जातीचा उल्लेखच नाही. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे हक्काला बाधा नाही. धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अनुसूचित जाती या दोन गोष्टी एकाच अर्जात वेगवेगळ्या रकान्यांत भरायच्या आहेत. मुलं घाबरून धर्माच्या रकान्यात हिंदू लिहितात, तसं करू नये. जातीच्या दाखल्यासाठी बौद्ध झालेल्यांचा वेगळा नमुना आहे, सेतू केंद्रात तो मागून घ्या. मात्र पडताळणीसाठी १९५० पूर्वीच्या पिढीचा जात लिहिलेला कागद शोधावाच लागेल. 'आम्ही ते नाव सोडलं आहे' असं म्हणणाऱ्या आजोबांना हे पटवून सांगणं कठीण जातं, आणि त्यांचा त्रास आम्हाला कळतो.

कॉलेज निवडतानाही एक गोष्ट बघा. दक्षिण मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या बऱ्याच नावाजलेल्या कॉलेजांना भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक दर्जा आहे. घटनेच्या कलम १५(५) नुसार अशा संस्थांवर अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाचं बंधन नाही. तिथे आपल्या मुलाला खुल्या जागेवर स्पर्धा करावी लागते. ९० टक्क्यांचं असेल तर करावी. पण ६५ टक्क्यांच्या मुलाने पर्यायांच्या यादीत पहिली आठ नावं अशाच कॉलेजांची भरली तर फेऱ्या वाया जातात. बौद्ध हा १९९३ पासून अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे, त्यामुळे बौद्ध अल्पसंख्याक संस्था असेल तर तिथे त्या नात्याने जागा मागता येते.

प्रवेश झाला, पुढे काय शिकायचं? सहा सत्रं. पहिल्या वर्षी आर्थिक लेखांकन, व्यवसाय कायदा, सांख्यिकी, अर्थशास्त्र, संभाषण कौशल्य. दुसऱ्या वर्षापासून फायनान्स, मार्केटिंग किंवा मनुष्यबळ यांपैकी एक वाट धरायची. शेवटी प्रकल्प. नव्या शैक्षणिक धोरणाने आता यात चौथं, ऑनर्सचं वर्ष जोडलं आहे आणि मधे सोडलं तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका अशी सोय केली आहे. कागदावर ही सोय छान दिसते. आम्हाला भीती वाटते ती अशी, की फी थकलेल्या मुलाला 'तुला सर्टिफिकेट मिळतंय ना' म्हणून बाहेर पाठवणं आता सोपं झालं आहे.

कला शाखेतून आलेल्यांना लेखांकन जड जातं, विज्ञानाच्यांना कायदा रटाळ वाटतो, ते पहिल्या सत्रात निभावतं. निभावत नाही ते वेगळंच असतं. या अभ्यासक्रमात सतत उठून बोलावं लागतं. गट करून सादरीकरण, वर्गासमोर पीपीटी, शुक्रवारी फॉर्मल कपडे, फेस्टिव्हलसाठी स्पॉन्सर आणणं. गटात ज्याचा लॅपटॉप तो नेता. स्पॉन्सर ज्याच्या काकांचं शोरूम त्याला मिळतो. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आम्ही तो शब्द एमएला शिकलो, पण त्याची चव आधीच घेतली होती. वस्तीतल्या मुलांना आम्ही सांगतो की पहिल्या महिन्यात एकदा तरी चुकीच्या इंग्रजीत उभं राहून बोला. दुसऱ्या वेळी पाय कमी थरथरतात.

प्रकल्पाचं तर विचारू नका. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात, मुखपृष्ठावर फक्त नाव बदलायचं. आमच्या एका मुलीने तो विकत न घेता आपल्या आईच्या बचत गटावर प्रकल्प केला. चौदा बायका, दरमहा दोनशे रुपये, कर्ज कुणाला आधी द्यायचं याचे नियम, हप्ता चुकला तर घरी जाऊन चहा पीत पीत वसुली. परीक्षकांनी तिला तोंडी परीक्षेत अर्धा तास प्रश्न विचारले. भंगाराचं दुकान, नाक्यावरची वडापावची गाडी, बँडपथक, मंडप डेकोरेशन, या सगळ्यांत भांडवल, उधारी, हंगाम आणि माणसं सांभाळणं आहे. आपल्या मुलांना व्यवस्थापन परकं वाटायचं कारण नाही, ते फक्त परक्या शब्दांत शिकवलं जातं.

आणि आपल्याकडे याची परंपरा नाही असंही नाही. १९१३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेब राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेलं पाणी त्यांनी पिण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. त्यानंतर १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय काढलं.

शेवटी त्या आईचा प्रश्न : नोकरी लागते का? नुसत्या बीएमएसवर मिळणाऱ्या पहिल्या नोकऱ्या आम्ही पाहिल्या आहेत त्या बँकेच्या विक्री विभागात, विम्यात, कॉल सेंटरच्या बॅक ऑफिसात, मॉलमधल्या स्टोअरमध्ये. पगार बीकॉमवाल्यापेक्षा फार वेगळा नसतो. एमबीए करायचं असेल तर त्यासाठी बीएमएसच हवं असं अजिबात नाही. कॅट परीक्षेला कोणतीही पदवी चालते, अनुसूचित जाती-जमातींसाठी पदवीत ४५ टक्के गुण पुरतात आणि आयआयएममध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा राखीव आहेत. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, सगळीकडे कोणतीही पदवी चालते. एमबीएच्या पहिल्या सत्रात बीएमएसवाल्याला हे विषय ओळखीचे असतात, एवढा फायदा नक्की.

खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही आणि तिथली दारं सगळ्यांना सारखी उघडत नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवून पाहिले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दलित आडनावाच्या अर्जांना सवर्ण आडनावापेक्षा कमी बोलावणी आली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवलं की 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' म्हणणारेच उमेदवाराच्या कौटुंबिक पार्श्वभूमीला फार महत्त्व देतात. आमच्या मुलांना मुलाखतीत "वडील काय करतात" हा प्रश्न आजही येतो. त्याचं उत्तर आम्ही त्यांच्याकडून आधी घोकून घेतो : जे करतात तेच सांगायचं, आवाज न पाडता.

तर आमचा सल्ला असा. मुलाला विक्री, माणसं, हिशेब, धंदा यांची खरोखर ओढ असेल आणि कॅपमधून फ्रीशिपसह जागा मिळत असेल तर बीएमएस, बीबीए जरूर घ्या. स्पर्धा परीक्षा करायची असेल तर अनुदानित बीए-बीकॉम घ्या, पैसा आणि वेळ दोन्ही वाचतील. आणि कर्ज काढून, संस्थास्तरावर, फक्त नावासाठी घेत असाल तर घेऊ नका. हे आमचं मत आहे, काही पालकांना ते रुचत नाही.

या वर्षीपासून आम्ही टेबल मे महिन्यात न मांडता डिसेंबरमध्ये मांडतो. बारावीचं मूल आलं की त्याला पहिले दोन प्रश्न विचारतो : सीईटीच्या नोंदणीची तारीख सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर पाहिली का, आणि पणजोबांचं गाव कोणतं. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक मुलं आईकडे बघतात, आई आजीला फोन लावते. मागच्या रविवारी एका आजींनी फोनवरच गावाचं नाव, महारवाड्यातल्या विहिरीची खूण आणि दुष्काळाचं साल सांगितलं. त्या सालावरून आता तहसीलला अर्ज टाकला आहे.